छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलमधून ऑइल गळतंय, सील बदलूनही तेच

मणेराजुरीची बाग
२० सप्टेंबर, रात्री ९:१०

राम राम मंडळी.

माझा २४ एचपीचा छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आहे, द्राक्षबागेसाठीच घेतलेला. सहा हंगाम झाले. मागं ६०० लिटरचा ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचं यंत्र, असतो, उन्हाळ्यात रोटाव्हेटर. आता उजव्या मागच्या चाकातून ऑइल गळतंय. रिमच्या डिशवर आतल्या बाजूनं काळा ओघळ येतो आणि सकाळी शेडमध्ये टायरखाली तळहाताएवढा डाग पडलेला असतो.

जुलैमध्ये एका मिस्त्रीकडून सील, म्हणजे शाफ्टभोवतीचं ऑइल अडवणारं रबरी कडं, बदलून घेतलं. वीस-पंचवीस दिवस कोरडं राहिलं, मग परत सुरू. आता ते म्हणतात सील डुप्लिकेट लागलं असणार, दुसरं आणा. म्हणजे परत चाक काढा, परत एक्सल बाहेर काढा, परत ऑइलचा खर्च.

फळछाटणी ५ ऑक्टोबरला धरलीय. पोंगा अवस्थेपासून, म्हणजे डोळे फुटायला लागल्यापासून, पुढं औषध रोज मारावं लागतं, पाऊस लागला तर दिवसातून दोनदा. डाऊनी रोगाच्या दिवसांत ब्लोअर एक दिवस उभा राहिला तर काय होतं, ते बागायतदाराला वेगळं सांगायला नको. हातात पंधरा दिवस आहेत, तेवढ्यात कायमचा इलाज करायचाय.

डिपस्टिकवर ऑइल बरोबर दिसतं, पण ते मी दर आठवड्याला वरून टाकतोय म्हणून. ब्रेक तेलातले आहेत. कुणी या त्रासातून गेलंय का?

कृष्णाकाठ, पलूस
२० सप्टेंबर, रात्री ९:४५

दादा, आमच्या जुन्या मोठ्या ट्रॅक्टरला असंच झालं होतं. ९० नंबरच्या ऑइलऐवजी त्याहून घट्ट १४० नंबर टाकलं, गळती निम्म्यावर आली. छाटणी तोंडावर असताना मी तरी एक्सल उघडणार नाही. हंगाम काढा, मग सावकाश बघा.

कडेगावचा फिटर
२० सप्टेंबर, रात्री १०:३०

पलूसच्या दादांनी अनुभवाचं सांगितलंय, पण बागेच्या या ट्रॅक्टरला तसं करू नका.

त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरला ब्रेक कोरडे असणार. तुमचे तेलात बुडालेले आहेत. अशा छोट्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा गिअरबॉक्स, डिफरन्शियल, हायड्रॉलिक लिफ्ट आणि ब्रेक, सगळ्यांना एकच ऑइल पुरतं. त्यात १४० टाकलं की सकाळच्या गारठ्यात पंपाला ते ओढवत नाही, पंप ओरडतो, लिफ्ट जड होते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेकच्या प्लेटा. तेलातल्या ब्रेकला प्लेटांची पकड राखणारं वेगळं ऑइल लागतं. साधं गिअर ऑइल गेलं की प्लेटा कधी घसरतात, कधी कचकच करत पकडतात. ओळीच्या टोकाला एका बाजूचा ब्रेक दाबून वळताना ते लगेच जाणवतं. पुस्तकात लिहिलंय तेच ऑइल टाका, दोन प्रकारची मिसळू नका.

आता मुद्द्याचं. नवं सील महिन्यात गेलं तर दोष सीलचा कमी आणि सील ज्या शाफ्टवर बसतंय त्याचा जास्त असतो. म्हणून दुसरं सील आणायच्या आधी एवढं बघा:

चाकाच्या आतली सगळी जागा डिझेल आणि ब्रशनं धुवा, फडक्यानं कोरडी करा, वर घरातली टाल्कम पावडर शिंपडा. अर्धा तास ट्रॅक्टर फिरवून आणा. पावडरीवर ओली रेघ कुठून सुरू होते ते बॅटरीच्या उजेडात बघा. शाफ्टच्या भोवतीनं सुरू होत असेल तर सील. कव्हर आणि हाऊजिंगच्या (एक्सलभोवतीचा लोखंडी डबा) सांध्यातून असेल तर ओरिंग, म्हणजे सांध्यातलं रबरी कडं. एखाद्या बोल्टखालून असेल तर फक्त तो बोल्ट काढून, आटे साफ करून, लिक्विड गॅस्केट लावून परत आवळायचा. बोल्टखालच्या गळतीसाठी आख्खा एक्सल उघडलेला मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून हे आधी.

मग चाक जमिनीपासून दोन बोटं उचला, टायर वर-खाली धरून हलवा. कटकट लागली तर बेअरिंग गेलंय. बेअरिंगला प्ले असेल तर शाफ्ट सीलमध्ये मध्यावर राहत नाही, एका बाजूनं सीलची कड दाबतो आणि दुसऱ्या बाजूनं फट देतो.

आणि सगळ्यात आधी ब्रीदर शोधा, म्हणजे हाऊजिंगमधली हवा आत-बाहेर जायची छोटी वाट. शोधून सांगा कुठं होता आणि कशा अवस्थेत होता.

कोरेगावचं आलं
२१ सप्टेंबर, सकाळी ६:५०

चाक उचलायचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मी सातारा जिल्ह्यातला, आल्याचे गादीवाफे पाडायला असाच छोटा ट्रॅक्टर वापरतो.

पुढचा एक्सल मधल्या पिनवर झुलता असतो. मागचं एक चाक उचललं की पुढचा भाग कलतो आणि जॅकवरचा भार सरकतो. माझ्या शेडमध्ये गेल्या वर्षी जॅक असाच निसटला. चाक तेव्हा लागलेलं होतं म्हणून ट्रॅक्टर चाकावर बसला. चाक काढलेलं असतं आणि कुणाचा हात आत असता तर काय झालं असतं, याचा विचार करून आजही पोटात गोळा येतो.

तेव्हापासून मी पुढच्या एक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकतो, म्हणजे झुलणं बंद. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावतो. जॅक फक्त उचलायला वापरतो, भार हाऊजिंगखाली रचलेल्या लाकडी ठोकळ्यांवर घेतो. विटा, सिमेंटचे ब्लॉक अजिबात नकोत, ते न सांगता फुटतात. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलं असेल तर ते चाक एकट्यानं धरायला जाऊ नका.

मणेराजुरीची बाग
२२ सप्टेंबर, रात्री ८:२०

फिटरदादा, कोरेगावकर, मनापासून आभार. पाचरी ठोकूनच चाक उचललं.

पावडर काल मारली. ओली रेघ शाफ्टच्या खालच्या बाजूनं सुरू होतेय, कव्हरचा सांधा आणि बोल्ट एकदम कोरडे. टायर हलवून पाहिला. डाव्या बाजूला काहीच नाही, उजवीकडे हलकी कटकट लागते, म्हणजे हाताला कळते पण डोळ्याला दिसत नाही.

आता ब्रीदर. तो कुठं असतो हे सहा वर्षांत मला माहीत नव्हतं. सीटच्या मागं, लिफ्टच्या हाऊजिंगवर, अंगठ्याएवढी टोपी. मी तिला कसलातरी बोल्ट समजत होतो. तिच्यावर मातीचा थर, आणि त्या थरावर बोर्डोचा (मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्याचा) फिकट निळा पापुद्रा, चुन्यासारखा कडक. ब्लोअर मागंच असतो, त्यामुळं फवाऱ्याचं धुकं बरोबर तिथंच बसणार. खिळ्यानं खरवडला तेव्हा खालची भोकं दिसली, तीही बंद. ट्रॅक्टर नुकताच बागेतून आला होता. टोपी सैल केली तर सायकलच्या व्हॉल्व्हमधून निघते तशी फुस्स करून हवा निघाली. आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडं बघत राहिलो.

कडेगावचा फिटर
२२ सप्टेंबर, रात्री ९:०५

तुमच्या सीलचा अर्धा आजार त्या फुस्समध्ये आहे.

हाऊजिंग बंद डबा आहे. काम करताना ऑइल तापतं, त्याबरोबर वरची हवाही तापते. ३० अंशांवरची हवा ८० अंशांवर गेली आणि तिला बाहेर जायला वाट नसली तर तिचा दाब साधारण एक-षष्ठांशानं वाढतो. ऐकायला थोडं वाटतं, पण एक्सलची ही सीलं ऑइल अडवायला बनवलेली असतात, दाब अडवायला नाही. दाबानं सीलची कड शाफ्टवर जास्त घासते, तापते, कडक होते, आणि मग ऑइल वाट काढतं. त्यात दर आठवड्याला वरून ऑइल टाकताना पातळी जास्त झाली तर आणखी भर. डिपस्टिक कशी बघायची तेही पुस्तकात पाहून घ्या. काही ट्रॅक्टरांत ती आट्यात आवळून मोजायची असते, काहींत नुसती टेकवून. एवढ्याशा फरकानं ऑइल वर-खाली होतं.

ब्रीदरची टोपी रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, हवेच्या पंपानं फुंका. आत छोटी गोळी किंवा झडप असेल तर ती मोकळी हलली पाहिजे. नाही हलली तर नवीन घ्या.

सावळजची ताई
२२ सप्टेंबर, रात्री ९:४०

मी हा धागा दोन दिवस वाचतेय. माझी तीन एकर बाग, निम्मी बेदाण्याला जाते. ट्रॅक्टर मीच चालवते. माझ्याकडं उलटा त्रास आहे. ऑइल बाहेर गळत नाही, पण डिपस्टिक काढली तर ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसतं. पाणी गेलंय हे कळतं, पण गेलं कुठून? मी ट्रॅक्टर ओढ्यात घालत नाही की पाण्यात उभा करत नाही.

कडेगावचा फिटर
२२ सप्टेंबर, रात्री १०:००

ताई, एक विचारतो. फवारणी झाली की ट्रॅक्टर लगेच धुता का?

सावळजची ताई
२२ सप्टेंबर, रात्री १०:१०

हो. औषध वाळायच्या आत धुवावं म्हणून टाकी रिकामी झाली की लगेच, मोटरच्या पाइपनं. चाकाच्या आतूनही.

कडेगावचा फिटर
२२ सप्टेंबर, रात्री १०:३५

मग तिथूनच. तापलेल्या हाऊजिंगवर गार पाणी पडलं की आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर ती वरून हवा ओढते. बंद असेल तर जिथून मिळेल तिथून ओढते, आणि त्या वेळी सीलच्या कडेला तर पाण्याचा झोत चालू असतो. सीलच्या कडेची रचना आतलं ऑइल बाहेर न जाण्यासाठी असते, बाहेरून आत येणाऱ्या पाण्याला ती तेवढी अडवत नाही. तुमचाही ब्रीदर बघा, तो नक्की बंद निघेल.

ऑइल सगळं काढून टाका. थोडा वेळ चालवून कोमट झाल्यावर काढा म्हणजे तळातलंही येईल. एकदा भरून, दोन-तीन तास चालवून परत पाहा. पांढुरकेपणा राहिला तर पुन्हा बदला. खर्च आहे, कबूल. पण ते ताक बेअरिंगला आणि ब्रेकच्या प्लेटांना गंज आणतं, तो खर्च याच्या कितीतरी पट होतो. धुण्याआधी ट्रॅक्टर तासभर सावलीत थंड होऊ द्या, आणि पाण्याचा झोत सील आणि ब्रीदरवर धरू नका.

मिरजेचा टर्नर
२३ सप्टेंबर, दुपारी २:१५

लेथवर आयुष्य गेलं माझं. आजोबा किर्लोस्करवाडीत होते. १९१० साली औंध संस्थानच्या त्या माळावर कारखाना उभा राहिला आणि आमच्या भागातल्या कितीतरी घरांत लेथ आला, त्यातलं आमचं एक घर. सीलच्या गळतीचे शाफ्ट माझ्याकडं आठवड्याला एक तरी येतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मणेराजुरीच्या दादांनी एक्सल बाहेर काढला की सील जिथं टेकतं त्या जागेवर नख फिरवावं. सहा हंगामांनंतर तिथं बारीक चर पडलेली असणार. रबराची कड लोखंडाला कशी झिजवते याचं नवल वाटतं, पण झिजवणारं रबर नसतं. रबरात रुतून बसलेली बारीक धूळ ते काम करते. नख अडकलं की समजायचं, नवं सील त्या चरीत बसून पहिल्या दिवसापासूनच अर्धवट टेकणार. जुलैत तेच झालं असावं.

इलाज तीन. कव्हरमध्ये जागा असेल तर सील जुन्या जागेपासून दोन-तीन मिमी आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे कड कोऱ्या जागेवर येते. फुकटातला इलाज आहे, पण मागचं ऑइल परतायचं भोक झाकलं जात नाही ना ते बघा. दुसरा, स्टेनलेसची पातळ स्लीव्ह. तिची जाडी ०.२८ मिमी असते, त्यामुळं सीलचा नंबर बदलावा लागत नाही, चरीवर चढवायची आणि काम झालं. तिसरा, हार्ड क्रोम करून ग्राइंडिंग. काम उत्तम होतं, पण त्याला दिवस लागतात, तुमच्याकडं नाहीत.

वेल्डिंगचा भर देऊन खराद करा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. उष्णतेनं शाफ्ट वाकतो आणि त्याचा कडकपणा जातो. एक्सल भार घेणारा आहे.

आणि माझ्या व्यवसायातली एक चूक सांगतो, कारण ती सगळीकडं होते. चर काढायला शाफ्ट लेथवर लावतात, टूल सरकवत एक बारीक कट घेतात, शाफ्ट आरशासारखा दिसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण टूल सरकताना शाफ्टवर डोळ्याला न दिसणारे आटे पडलेले असतात. शाफ्ट फिरला की ते आटे ऑइलला स्क्रूसारखं बाहेर ढकलतात. सील नवं, शाफ्ट चकचकीत, तरी गळती. म्हणून सीलच्या जागेचं ग्राइंडिंग चाक बाजूला न सरकवता, सरळ आत देऊन करायचं. हातानं पॉलिश पेपर मारायचा असेल तर पट्टी शाफ्टभोवती गुंडाळून एकाच जागी धरायची, बाजूला न्यायची नाही.

आटे आहेत की नाहीत हे पाहायची माझी पद्धत: शाफ्टला तेलाचा हलका हात लावायचा, त्यावरून सुती दोरा टाकायचा, खाली २५-३० ग्रॅमचा नट बांधायचा आणि शाफ्ट सावकाश फिरवायचा. दोरा जागेवर राहिला तर शाफ्ट बरा. एका बाजूला चालायला लागला, आणि उलटं फिरवल्यावर उलट्या बाजूला चालला, तर आटे आहेत. पाच मिनिटांचं काम आहे, कुणीही आपल्या टर्नरकडून करून घ्यावं.

कृष्णाकाठ, पलूस
२३ सप्टेंबर, रात्री ८:००

टर्नर काका, हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. १४० नंबरचं मी परत कुणाला सांगणार नाही. आमचा ट्रॅक्टर कोरड्या ब्रेकचाच आहे आणि मागं गळती असताना उजवा ब्रेक लागत नव्हता, ट्रॅक्टर डावीकडं ओढायचा. ऑइल लायनिंगवर जात होतं हे आज डोक्यात आलं.

कडेगावचा फिटर
२३ सप्टेंबर, रात्री ८:२०

दादा, ते आधी करा, मणेराजुरीच्या आधी. उसाची ट्रॉली जोडून त्या ब्रेकवर रस्त्याला जाऊ नका. ऑइल प्यालेलं लायनिंग धुऊन परत वापरता येत नाही, नवं घाला.

मणेराजुरीची बाग
२८ सप्टेंबर, रात्री १०:४५

काम झालं. फोन हातात धरवत नाही इतके हात दुखतायत, पण आजच लिहितो, नाहीतर राहून जाईल.

परवा सकाळी सातला सुरू केलं, भाऊ आणि तासगावचा एक ओळखीचा फिटर सोबत. पाचरी, दगड, ठोकळे सगळं कोरेगावकरांनी सांगितल्याप्रमाणं. उजवी बाजू डावीपेक्षा बरीच उंच घेतली, त्यामुळं ऑइल डावीकडं गेलं आणि सगळं काढावं लागलं नाही. कव्हर सोडल्यावर अर्धा लिटर सांडलं असेल, घमेल्यात धरलं.

चाक निघाल्यावर पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे शाफ्टची फ्लँज (चाक जिच्यावर बसतं ती तबकडी) आणि कव्हर यांच्या मधल्या बोटभर फटीत गुंडाळलेली काळी नायलॉनची सुतळी. काड्या बांधायला आपण जी वापरतो तीच. चार-पाच वेढे, उष्णतेनं एकमेकांना चिकटून कडं झालेलं. कटरनं तोडून काढलं. त्याचं टोक सीलच्या बाहेरच्या कडेखाली शिरलं होतं. छाटणीनंतर ओळीत पडलेली सुतळी चाकाबरोबर उचलली जात असणार.

कव्हरचे सहा बोल्ट काढले, एक्सल कव्हरसकट बाहेर आला. आता इथं खरी गोम आहे, आणि जुलैत काय चुकलं ते इथं कळलं. आमच्या ट्रॅक्टरला सील कव्हरमध्ये आहे, आणि कव्हर फ्लँज आणि बेअरिंगच्या मध्ये अडकलेलं. बेअरिंग प्रेसवर काढल्याशिवाय सीलला हात लागत नाही. जुलैत प्रेस न वापरता बेअरिंग हातोडीनं उतरवलेलं आणि तसंच ठोकून परत बसवलेलं दिसतंय, आतल्या रिंगवर छिन्नीचे दोन घाव आहेत. त्या माणसाबद्दल मनात राग नाही, गावात प्रेस नाही. पण बेअरिंग तिथंच मेलं. हातात घेऊन फिरवलं तर वाळू भरल्यासारखं खरखरत होतं.

बेअरिंगचा नंबर ६२०९. दुकानदारानं सांगितलं, शेवटच्या ०९ ला ५ नं गुणायचं, ४५ मिमीचं भोक. बाहेरून ८५, रुंदी १९. सील ५०-७२-१०, म्हणजे शाफ्ट ५०, बाहेरचा व्यास ७२, जाडी १०. हे माझ्या ट्रॅक्टरचं झालं, तुम्ही आपापल्या सीलवरचे आकडे वाचूनच घ्या.

टर्नर काका, नख फिरवलं. एक नाही, दोन चरी निघाल्या. एक खोल, जुनी. तिच्या शेजारी अर्ध्या मिमीवर एक कोवळी, जुलैच्या सीलची. सील दोन मिमी सरकवायला कव्हरमध्ये जागा नव्हती, म्हणून स्लीव्ह घेतली. सांगलीत एका दुकानात मागवून दोन दिवसांत आली. चढवायच्या आधी चरीत थोडी धातूची लांबी (पुट्टी) भरली, घासून सपाट केली.

सील बसवताना मी स्वतः हात लावला. स्प्रिंगची बाजू ऑइलकडं, म्हणजे आत. कव्हरमध्ये ठोकताना ७० मिमी पाइपचा तुकडा वापरला, सगळीकडून सारखं बसावं म्हणून. पाइपवर लाकूड आणि लाकडावर हातोडी. कडेला ग्रीस. शाफ्टवरून कव्हर चढवताना ४५ चा भाग संपून ५० चा सुरू होतो तिथं धारदार पायरी आहे. तिथंच सीलची कड उलटते किंवा कापते. फिटरनं दुधाची पिशवी कापून त्या पायरीवर गुंडाळली, वर ग्रीस लावलं, कव्हर सरकलं, मग पिशवी हळूच ओढून घेतली. एवढी साधी गोष्ट, पण जुलैत कुणी केली असेल असं वाटत नाही.

बेअरिंग तासगावला प्रेसवर, आतल्या रिंगवर दाब देऊन बसवलं. सर्क्लिप नवीन, कव्हरचा ओरिंग नवीन. चाकाचे नट समोरासमोर आवळले. ब्रीदरही नवीन लावला. ऑइल पुस्तकातलं, पातळी सपाट जागेवर, अर्धा तास थांबून बघितली.

सील, बेअरिंग, ओरिंग, स्लीव्ह, ब्रीदर, प्रेसची मजुरी आणि भर घातलेलं ऑइल, सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आसपास गेले. जुलैत याच्या निम्मे गेले होते.

मिरजेचा टर्नर
२९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

छान काम केलंत. दुधाच्या पिशवीची युक्ती मी आजपासून गिऱ्हाइकांना सांगणार. नट पहिल्या दोन-तीन फवारण्यांनंतर एकदा परत आवळा.

सावळजची ताई
१० ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

माझा ब्रीदर बंदच निघाला, फिटरदादा. टोपीत गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं. ऑइल दोनदा बदललं, आता स्वच्छ मधासारखं दिसतंय. धुणं आता दुसऱ्या दिवशी सकाळी.

मणेराजुरीची बाग
१६ नोव्हेंबर, रात्री ९:००

दादांनो, ताई, उशिरा लिहितोय. छाटणी ५ ऐवजी ७ तारखेला झाली. त्यानंतर आजपर्यंत जवळजवळ रोज ब्लोअर चालला, मधे दोन दिवस अवकाळीनं दिवसातून दोन-दोन फेऱ्या झाल्या. उजवं चाक कोरडं. डिशवर पावडर परत मारून पाहिली, ती पांढरीच राहिली. महिन्याभरात वरून थेंबभर ऑइल टाकावं लागलं नाही. बाग डाऊनीतून निघालीय, घड चांगले सुटलेत.

फक्त नटांचं टर्नर काकांचं ऐकलं ते बरं झालं. तिसऱ्या दिवशी दोन नट पाव-पाव आटा फिरले.

कृष्णाकाठ, पलूस
१६ नोव्हेंबर, रात्री ९:२०

ऐकून बरं वाटलं दादा. आमच्याही दोन्ही बाजूंचं लायनिंग आणि सीलं झाली, कारखाना सुरू व्हायच्या आत. एक विचारायचं राहिलं, तुम्ही डावी बाजू उघडली का?

मणेराजुरीची बाग
१६ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नाही उघडली. ती कोरडी आहे आणि प्लेही नाही, तेव्हा हंगामात हात लावत नाही. पण सहा वर्षं तोच बंद ब्रीदर तिनंही सोसलाय, आणि चर तिच्याही शाफ्टवर असणारच. एप्रिलच्या खरडछाटणीआधी काढणार, स्लीव्ह आत्ताच मागवून ठेवलीय. तोवर दर रविवारी दोन कामं करतो: ब्रीदरची टोपी फडक्यानं पुसायची, आणि दोन्ही चाकांच्या आत बॅटरी मारून सुतळी अडकलीय का ते बघायचं. गेल्या रविवारी डावीकडं एक वेढा सापडला, ताजा होता, बोटानंच निघाला.